नोकरदारांसाठी एक कपाट: तालुक्याच्या वाचनालयातल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

देणगी जमा झाली. गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वीस हजार रुपये दिले आणि पावती घेताना एकच अट घातली: पुस्तकं कामधंद्याला लागलेल्या माणसांसाठी घ्यायची, परीक्षेची घ्यायची नाहीत. कार्यकारिणीने हे काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे सोपवलं.

अट मला मनापासून पटली. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी आमची तीन कपाटं भरली आहेत आणि अभ्यासिकेत सकाळी सातनंतर खुर्ची मिळत नाही. पण गावाला लागून एमआयडीसी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, बँका, पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसं आहेत. तिथे चिकटलेला माणूस परीक्षा सुटली की वाचनालयही सोडतो. पुढे दहा वर्षांनी मुलाचं बोट धरून बालविभागात येतो. मधल्या दहा वर्षांत त्याला बढती मिळते, हाताखाली माणसं येतात, पगार अडतो, काम बदलावंसं वाटतं, आणि त्या वेळी आमच्याकडे त्याला द्यायला काही नसतं.

शेजारच्या तालुक्यातल्या दोन वाचनालयांनाही असं कपाट करायचं आहे. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून काय जमलं, काय फसलं आणि पैसे कुठे गेले हे लिहीत जाते.

१० जून

पहिली यादी तयार. जगभर खपलेली नावं घेतली: डेल कार्नेगींचं १९३६ सालचं माणसं जोडण्याबद्दलचं पुस्तक, स्टीफन कव्हींच्या सात सवयी (१९८९), जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८), कॅरल ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ (२००६), पीटर ड्रकर यांचं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’. मराठीतून विठ्ठल कामत यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ आणि नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’.

झटपट श्रीमंतीची आणि ‘मनात आणा म्हणजे होईल’ छापाची पुस्तकं घ्यायची नाहीत असं ठरवलं. एका सदस्यांचा आग्रह होता, कारण तीच सर्वात जास्त मागितली जातात. ती मागणी खरी आहे. पण ज्या माणसाचा हप्ता थकलाय त्याच्या हातात असलं पुस्तक देणं मला बरोबर वाटत नाही, आणि देणगीदारांच्या अटीतही ते बसत नाही.

२० जून

पुण्यात आप्पा बळवंत चौकात खरेदी. मराठी अनुवाद साधारण अडीचशे ते चारशे रुपयांच्या घरात, वाचनालय म्हणून सवलत मिळाली. बिल वाचनालयाच्या नावाने घेतलं.

परतताना रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे हीच इंग्रजी पुस्तकं शंभर-दीडशेला दिसली. आमचे एक सदस्य सोबत होते, त्यांनी दुसऱ्या प्रती म्हणून सहा घेतल्या. घरी येऊन पाहिलं तर कागद पिवळट, छपाई पुसट, आणि एका पुस्तकात सोळा पानांचा अख्खा फर्मा दोनदा बांधलेला, पुढचा गायब. पान ९६ नंतर पुन्हा ८१. या चोरट्या आवृत्त्या. लेखकाचं नुकसान तर आहेच, शिवाय पक्की पावती नाही, त्यामुळे दाखल नोंदवहीत चढवता येत नाहीत आणि वार्षिक तपासणीत दाखवता येत नाहीत. सहाही बाद केली. ते सातशे रुपये सदस्यांनी स्वतःच्या खिशातून सोसले. स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी सुचवलं तर हा अनुभव सांगा.

२ जुलै

कपाट: जुनं लोखंडी, काचेच्या दारांचं, वाहतुकीसह ४,८०० रुपये. एक बिजागरी निखळलेली होती, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने फुकट वेल्डिंग करून दिलं. पुस्तकांना पुठ्ठा बांधणी केली नाही. पुठ्ठ्याने मुखपृष्ठ झाकलं जातं आणि नवा वाचक पाठीवरची अक्षरं वाचत बसत नाही. पारदर्शक प्लास्टिकचं आवरण घातलं, प्रति पुस्तक साधारण बारा रुपये.

अनुवादांची एक चाचणी आता पक्की केली. कुठलंही पुस्तक घेण्याआधी चाळिसावं पान काढून समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. पहिली पानं सगळेच घासूनपुसून करतात. चाळिसाव्या पानावर अनुवादक दमलेला असतो. वाचताना जीभ अडखळली, एकेक वाक्य चार ओळी चाललं, कर्ता सापडेना, तर पुस्तक कितीही थोर असो, आमचा नोकरदार वाचक ते दहा पानांत खाली ठेवणार. या चाचणीत दोन अनुवाद गळले. त्यांचे पैसे वाचले.

२९ जुलै

कपाट उघडून तीन आठवडे झाले. पुस्तकं बाहेर जातात आणि लगेच परत येतात. वाचल्याचा मागमूस नाही, पान दुमडलेलं नाही, प्लास्टिकवर बोटाचा ठसा नाही. विचारलं तर उत्तर एकच: चांगलं आहे ताई, पण वेळ नाही मिळाला.

वेळेचं कारण मला पटत नाही. हीच माणसं सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी आठवड्यात संपवून आणतात.

४ ऑगस्ट

देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवली आणि वर लिहिलं: ‘कामात सध्या काय अडलंय?’ नाव लिहायची गरज नाही.

पहिले दोन दिवस कोरी. मग मीच पहिली ओळ लिहिली, की तपासणी जवळ आली की नोंदवह्या पुऱ्या करायला रात्र होते. त्यानंतर लोक लिहू लागले. काही ओळी जशाच्या तशा:

‘काल जे मित्र होते त्यांचा आज मी सुपरवायझर. ऐकत नाहीत.’

‘तीन वर्षं पगारवाढ नाही. मागायची कशी.’

‘दिवसभर काम करतो, संध्याकाळी काय केलं ते सांगता येत नाही.’

‘वय ३७. एमपीएससी. पुढे काय.’

‘ड्युटी बदलताना निरोप राहतो आणि बोलणी मला बसतात.’

वही वाचल्यावर यादीतला दोष लख्ख दिसला. मी पुस्तकं त्यांच्या प्रसिद्धीवरून निवडली होती. वाचक येतो तो विशिष्ट जागी अडकून, आणि त्याला हवं असतं त्या जागेबद्दलचं पुस्तक. उरलेले पैसे, साधारण सहा हजार, आता या वहीवरूनच खर्च करायचे.

१२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथनांची जयंती. ग्रंथालयांसाठीची त्यांची पाच सूत्रं १९३१ पासून आमच्या पेशात पाठ आहेत. त्यातली तीन: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. हार घालून झाल्यावर कपाटाची मांडणी बदलायला घेतली.

अडचण अशी की प्रत्येक विषयाला अंक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात ही पुस्तकं फार विखुरतात. सवयी आणि स्वभाव १५८ मध्ये, नोकरीतलं यश ६५०.१ मध्ये, व्यवस्थापन ६५८, व्यवसायनिवड ३३१.७, चरित्रं ९२०च्या पुढे. एकाच अडचणीवरची तीन पुस्तकं तीन कपाटांत. वर्गांक बदलले तर नोंदवही आणि कपाट जुळणार नाही. म्हणून वर्गांक तसेच ठेवले आणि पाठीवर एक रंगीत पट्टी जास्तीची लावली. लाल: हाताखाली माणसं आली. पिवळी: वेळ पुरत नाही. हिरवी: काम बदलायचं आहे. निळी: बोलणी, पगार, वाद. पांढरी: कामात हात बसवायचा आहे. कपाटावर हीच पाच वाक्यं ठळक अक्षरांत. एकूण खर्च साठ रुपये. आतापर्यंतच्या सगळ्या खर्चात सर्वात उपयोगी हाच ठरला.

२२ ऑगस्ट

एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि वाचनालयही गुरुवारी बंद! कपाट ज्यांच्यासाठी त्यांना मोकळा दिवस मिळतो तेव्हा आमच्या दाराला कुलूप. इतकी वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. कार्यकारिणीने ठराव करून सुट्टी सोमवारी नेली. आज पहिला गुरुवार. शिफ्टमधले लोक आले, त्यात काही चेहरे मी पूर्वी अभ्यासिकेत पाहिलेले.

५ सप्टेंबर

पुस्तकासोबत एक काम द्यायला सुरुवात केली. तारखेच्या चिठ्ठीखाली अर्ध्या पानाचा कागद चिकटवते. त्यावर दोनच गोष्टी: कोणतं प्रकरण आधी वाचायचं, आणि या आठवड्यात कामावर काय करून पाहायचं. अख्खं पुस्तक वाचायचं दडपण त्यामुळे जातं.

ड्रकरच्या पुस्तकाला लिहिलं: वेळेवरचं प्रकरण वाचा, आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय केलं ते त्याच क्षणी टिपा, संध्याकाळी आठवून लिहू नका. ड्रकरचा सगळा भर यावरच आहे, की आपला वेळ कुठे जातो हे माणसाला आठवणीतून कधीच नीट सांगता येत नाही.

हे पुस्तक वहीत ‘संध्याकाळी काय केलं ते सांगता येत नाही’ असं लिहिणाऱ्याने नेलं. ते एका पतसंस्थेचे शाखाधिकारी निघाले.

१९ सप्टेंबर

गणपतीत सगळं थंडावलं होतं, अर्धे वाचक मंडपात. आज शाखाधिकारी डायरी घेऊन आले. डायरीचं पान पाहण्यासारखं होतं. सकाळी साडेदहा ते दीड या वेळात दर अर्ध्या तासाच्या चौकटीत एकच शब्द परत परत: पासबुक, पासबुक, पासबुक. पासबुक छापायचं यंत्र त्यांच्या केबिनमध्ये होतं, कारण पूर्वी तिथेच प्लग होता. प्रत्येक सभासद आत यायचा, छापून घ्यायचा, दोन शब्द बोलायचा. थकीत कर्जांच्या फायली म्हणून संध्याकाळी सहानंतर उघडायच्या.

त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून बाहेर पॉइंट काढून घेतला, यंत्र काउंटरजवळ ठेवलं. पुस्तक त्यांनी निम्मंच वाचलंय आणि मुदत वाढवून नेलंय. देणगीदार मुख्याध्यापकांना मी हे मुद्दाम जाऊन सांगितलं.

२६ सप्टेंबर

‘कालचे मित्र’वाल्या सुपरवायझरला आधी कार्नेगी दिलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. त्यातलं नाव लक्षात ठेवणं, मनापासून ऐकणं, चूक सौम्यपणे दाखवणं हे सारं त्याला आधीच येत होतं. त्याच्यामुळेच तर ते मित्र होते. त्याची खरी अडचण निराळी निघाली. माल वेळेवर जात नव्हता, दट्ट्या त्याला बसायचा आणि तो पोरांवर ओरडायचा.

मग एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’ दिलं. १९८४ची ही कादंबरी आहे, नायक एका तोट्यातल्या कारखान्याचा व्यवस्थापक. आम्हाला मिळाली ती इंग्रजी प्रत, आणि इंग्रजी त्याला जड जातं. मी स्काउटच्या मुलांच्या पायी सहलीचा भाग वाचून माझ्या शब्दांत चार पानांचं मराठी टिपण केलं. रांगेतला सर्वात हळू चालणारा मुलगा अख्ख्या रांगेचा वेग ठरवतो. पुढचे कितीही पळाले तरी रांग फक्त लांबते. कारखान्यातही एक यंत्र असं असतं.

टिपण वाचून त्याने विचारलं, “म्हणजे आमची पावडर कोटिंगची भट्टी?” रंगाची पूड भाजून बसवणाऱ्या त्या भट्टीसमोर मालाचा ढीग आणि तरी कटिंगवाल्यांना तो जोर लावायला सांगत होता.

१७ ऑक्टोबर

भट्टीची गोष्ट पुढे गेली. पुस्तकातला एक उपाय असा की तपासणी अडकणाऱ्या यंत्राच्या आधी करायची, म्हणजे खराब तुकड्यावर त्या यंत्राचा वेळ जात नाही. इथे तपासणी कोटिंग झाल्यावर व्हायची. वेल्डिंगचे शिंतोडे राहिलेले पॅनल रंगून बाहेर यायचे आणि मग घासून परत भट्टीत जायचे. त्याने मॅनेजरला विचारून तपासणीचं टेबल भट्टीच्या आधी लावलं. जेवणाच्या सुट्टीत भट्टी रिकामी तापत राहायची, तिथे दोघांच्या सुट्ट्या आळीपाळीने केल्या. पोरांवर ओरडणं कमी झालं का, असं विचारलं. म्हणाला, “ओरडायचं कारणच कमी झालं.”

त्याला पुढे अँडी ग्रोव्ह यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ (१९८३) द्यायचं ठरवलं आहे. इंटेलच्या या प्रमुखाने उत्पादन समजावायला अंडं, टोस्ट आणि कॉफीचा नाश्ता घेतला आहे, आणि हाताखालच्या प्रत्येकाशी ठरलेल्या वेळी एकट्याने बसून बोलण्याबद्दल त्याच्याइतकं कामाचं फार थोड्यांनी लिहिलंय. त्याचंही टिपण करावं लागेल.

१५ तारखेचा वाचन प्रेरणा दिन मात्र उरकावा लागला. त्याच दिवशी निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि बोलावलेले पाहुणे आलेच नाहीत. डॉ. कलामांचं ‘अग्निपंख’ शाळेच्या मुलांनी वाचलं, तेवढं छान झालं.

२४ ऑक्टोबर

गटचर्चेचा प्रयोग बंद केला. दोन बैठका झाल्या, दोन्हीत बोलणारे तेच तिघं आणि ज्यांना अडचण आहे ते गप्प. तालुक्याच्या गावात आपल्या मालकाबद्दल, साहेबाबद्दल चारचौघांत कोण बोलणार? खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर साहेबाचा मेहुणा बसलेला असू शकतो. त्याऐवजी गुरुवारी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी एकेकाशी पाच-दहा मिनिटं. खर्च शून्य, फक्त मला घरी जायला उशीर होतो.

ज्या वाचनालयांना हे करायचंय त्यांना एक सूचना: महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास हिशेबनिसांना बोलावू नका. जीएसटीचं ३बी विवरणपत्र तेव्हा भरायचं असतं, कोणी फिरकत नाही.

५ डिसेंबर

निवडणुकीच्या कामावर गेलेले शिक्षक आणि कर्मचारी परतले, वाचनालय पुन्हा भरलं.

रुग्णालयातल्या परिचारिकेची नोंद सविस्तर करते, कारण इथे पुस्तक पहिल्या फटक्यात लागू पडलं नाही. तिला अतुल गावंदे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९) दिलं होतं. गावंदे अमेरिकेतले शल्यविशारद, त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, तीन टप्प्यांत मोठ्याने वाचायच्या एकोणीस मुद्द्यांच्या यादीची ही हकीकत आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचं एक, ती वापरून पाहिली तेव्हा गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७वर आलं आणि मृत्यूंचं १.५वरून ०.८वर.

तिने उत्साहाने ड्युटी बदलतानाची यादी केली, तब्बल सव्वीस मुद्द्यांची. दोन दिवस सगळ्यांनी भरली, तिसऱ्या दिवशी सगळीकडे बरोबरच्या खुणा एका दमात, एकाच पेनने. कोणी वाचत नव्हतं.

पुस्तक परत उघडलं. त्यात स्पष्ट आहे की एका वेळी वाचायची यादी पाच ते नऊ मुद्द्यांची असावी, एका पानात मावावी, आणि जे माणूस एरवी विसरत नाही ते तिच्यात घालूच नये. मग तिने महिन्याभरात प्रत्यक्ष कोणते निरोप राहिले ते तेवढेच काढले. सात उरले: शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं, कोणाचे रिपोर्ट यायचे आहेत, कोणाला उपाशी ठेवायचंय, ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का, त्याची चावी कुठे आहे, लसीच्या फ्रिजचं तापमान, आणि कोणाच्या नातेवाइकांना काय सांगितलंय. कागद भिंतीवर लावला, भरायचा नाही, मोठ्याने वाचायचा. सिलिंडरची चावी आता दोरीने सिलिंडरलाच बांधली आहे, म्हणजे तोही मुद्दा लवकरच यादीतून जाईल.

पुस्तक तेच, माणूस तोच. पहिल्यांदा फसलं ते पाळायचा नियम घाईत सुटल्यामुळे. तेव्हापासून मी सोबतच्या कागदावर ‘हे करा’च्या खाली ‘हे टाळा’ अशीही ओळ लिहिते.

१९ डिसेंबर

‘पगारवाढ मागायची कशी’ लिहिणारी मुलगी कर सल्लागाराच्या ऑफिसात आहे. तिला रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं ‘गेटिंग टु यस’ (१९८१) दिलं. सोबतच्या कागदावर: समोरचा काय मागतोय आणि त्याला नेमकं काय हवंय, हे दोन रकान्यांत लिहा, तुमचंही. पुस्तकातल्या दोन मुलांनी एका संत्र्यावरून भांडून ते निम्मं निम्मं वाटून घेतलं. एकाने गर खाऊन साल फेकली आणि दुसऱ्याने केकसाठी साल घेऊन गर टाकला. आधी विचारलं असतं तर दोघांना पूर्ण मिळालं असतं.

रकाने भरताना तिच्या लक्षात आलं की तिला पैसे हवेतच, पण त्याहून जास्त हवी आहेत स्वतःच्या नावावर सांभाळायला ग्राहकांची खाती. सल्लागारांना हवं होतं विवरणपत्रांच्या आठवड्यात हक्काचं कोणी. तिने दहा दुकानांची खाती पूर्ण स्वतः पाहण्याचा प्रस्ताव ठेवला. पगार आत्ता थोडाच वाढला, एप्रिलमध्ये परत बोलायचं ठरलंय. मला वाटतं तिने आणखी मागायला हवे होते, आणि ते मी तिला सांगितलंही. दुसरी नोकरी हातात नसताना माणूस किती ताणणार, हे त्याच पुस्तकात आहे: बोलणी फिसकटली तर आपल्याकडे दुसरा सर्वात चांगला पर्याय कोणता, हे आधी माहीत हवं. तो पर्याय तयार करायला ती आता लागली आहे.

९ जानेवारी २०२५

हिरवी पट्टी. या कपाटातला मला सर्वात जवळचा कप्पा.

एमपीएससीला वयाची अट खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ती जवळ आली की अभ्यासिकेतला मुलगा एक दिवस खुर्ची सोडतो आणि परत दिसत नाही. आपण काहीच केलं नाही, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. त्याच्यासाठी रिचर्ड बोल्स यांचं ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ घेतलं. बोल्स पाद्री होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चमधली त्यांची नोकरी खर्चकपातीत गेली आणि स्वतःसारख्याच इतरांसाठी त्यांनी १९७० साली हे स्वखर्चाने छापलं. त्यातला अमेरिकन अर्ज-मुलाखतींचा भाग इथे लागू पडत नाही, तो सोडायला सांगते. दोन गोष्टी मात्र पूर्णपणे लागू पडतात. एक, आपल्याला काय करता येतं हे पदव्यांऐवजी क्रियापदांत लिहायचं. दोन, जे काम करावंसं वाटतं ते करणाऱ्या माणसाला भेटून विचारायचं: दिवस कसा जातो, काय आवडत नाही, इथे शिरायचं कसं. नोकरी मागायची नाही.

वहीतल्या ३७ वर्षांच्या मुलाबरोबर पहिलं काम मी स्वतः बसून केलं. ‘काहीच येत नाही’ असं म्हणत बसला होता. विचारत गेले तेव्हा कागदावर उतरलं: नकाशा वाचतो, भूगोल शिकवतो, दोन बॅचचं वेळापत्रक लावलं, नोट्स छापून घेतल्या, पैसे गोळा करून हिशेब दिला, सातबारा आणि गट नकाशा समजावून सांगतो. तो कागद पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याने जमीन मोजणीची खासगी कामं घेणारा एक जण, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आणि क्लास चालवणारे एक शिक्षक यांना भेटून विचारलं. मोजणीवाल्याने ‘दोन दिवस साइटवर ये’ म्हणून सांगितलं. आता तो तिथेच शिकतोय, सध्या फक्त येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च निघतो. दुसऱ्या एकाला हेच पुस्तक, हाच कागद दिला. त्याने कोणालाच भेटायला जाणं जमवलं नाही आणि पुस्तक टपालपेटीत टाकावं तसं दाराच्या फटीतून आत सरकवून गेला. त्याच्या घरी निरोप पाठवला आहे.

त्याच कप्प्यात कॅल न्यूपोर्ट यांचं २०१२ सालचं ‘सो गुड दे कान्ट इग्नोर यू’ ठेवलंय. आवडीच्या मागे धावा हा सल्ला ते खोडून काढतात; आधी दुर्मीळ आणि उपयोगी कसब कमवा, आवड मागून येते. नोकरी सोडण्याच्या बेतात आलेल्याला हे आधी देते आणि बोल्स नंतर. क्रम उलटा झाला की लोक राजीनामा लिहूनच येतात.

२३ जानेवारी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कादंबऱ्यांच्या कपाटातून काढून इथे लाल पट्टीत आणली. नोंदवहीत ती ८९१.४६३ या मराठी कादंबरीच्या वर्गांकालाच आहे. नव्याने रुजू झालेल्या एका ग्रामसेविकेने ‘गावात कोणी दाद देत नाही’ असं लिहिलं होतं, आणि पहिल्या नेमणुकीवर यापेक्षा चांगलं पुस्तक मला माहीत नाही. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा ओस, पोरं मेंढरांमागे. तो आधी कारभाऱ्याकडे जातो. मग लोक पत्र लिहून घ्यायला, पैसे आणून द्यायला, भांडण सोडवायला त्याच्याकडे येतात, आणि ही शाळेबाहेरची कामं करता करता शाळा भरते. तालीम बांधायचं काम तो गावाच्या अंगमेहनतीवर उभं करतो. दुष्काळ आल्यावर काय होतं तेही माडगूळकर लपवत नाहीत.

सोबतच्या कागदावर: गावातला कारभारी कोण आहे ते शोधा, सरपंचच असेल असं धरू नका.

कादंबरीच्या वाचकांनी ‘बनगरवाडी कुठे गेली’ म्हणून तक्रार केली. दुसरी प्रत घेतली.

६ फेब्रुवारी

हिशेब. पुस्तकं १३,१००, कपाट ४,८००, आवरणं ५७०, पट्ट्या आणि कागद ६०, झेरॉक्स २४०, वाहतूक आणि जाणं-येणं ७८०. शिल्लक ४५० रुपये. टिपणं लिहायचे पैसे लागले नाहीत, पण वेळ सर्वात जास्त त्यालाच लागला. एका इंग्रजी पुस्तकाच्या चार पानी टिपणाला दोन-तीन रविवार जातात. पुढच्या वाचनालयाने हे काम गावातल्या शिक्षकांत वाटून द्यावं.

‘सात सवयी’ आणि ‘माइंडसेट’ अजूनही न वाचता परत येतात. पहिल्यातलं काळजीचं वर्तुळ आणि प्रभावाचं वर्तुळ (ज्याची काळजी वाटते ते, आणि त्यातलं जे आपल्या हातात आहे ते) एवढंच प्रकरण नेमून पाहणार आहे. ‘माइंडसेट’ शिक्षकांच्या कप्प्यात हलवलं. एका प्राथमिक शिक्षिकेने ते आवडीने नेलंय.

पांढरी पट्टी जवळजवळ रिकामी आहे. हात बसवण्याच्या सरावावर अँडर्स एरिक्सन यांचं ‘पीक’ (२०१६) आहे, आयटीआयच्या वेल्डिंग निदेशकांनी त्यातलं एक प्रकरण मुलांना वाचून दाखवलं: नुसते तास भरून हात बसत नाही, प्रत्येक सांधा तपासून दाखवणारा कोणी लागतो. त्यापलीकडे मराठीत काही हाती लागलेलं नाही. वहीत सध्या सर्वात जास्त वेळा आलेली अडचण आहे ऑफिसचा ईमेल आणि कामाचा अहवाल लिहिण्याची. सुपरवायझर तोंडी उत्तम सांगतो, लिहायला घेतलं की अडतो. त्यावर फॅक्टरीतलीच उदाहरणं घेऊन मराठीतून शिकवणारं पुस्तक मला हवंय. शिल्लक ४५० रुपये त्यासाठी राखून ठेवले आहेत. कोणाला माहीत असेल तर चाळिसावं पान वाचून पाहा आणि मला कळवा.